डॉक्टरीणबाईंचा डावा हात

माझ्या सासऱ्यांना कोणी "बरे आहात ना?" असं विचारलं, तर ते सरळ उत्तर देत नाहीत. आधी विचारणाऱ्याच्या चष्म्याकडे बघतात, पुढे होऊन तो त्याच्या नाकावर नीट बसवतात आणि मग म्हणतात, "हं, आता बरं आहे." जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं. अजूनही सकाळी तिथे बसतात. माणूस म्हणजे त्यांच्या लेखी एक नाक, दोन कान आणि त्यांच्यात अडकलेली काहीतरी अडचण. मी पहिल्यांदा या घरी आले, तेव्हा नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी माझा चष्मा काढून घेतला, दांडी गरम पाण्यात धरून वाकवली, पुसून परत दिला आणि म्हणाले, "आता बोल." मला ते तेव्हाच आवडले होते. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून कोणालाही वाटेल की मला सासरा म्हणून एखादं संकट मिळालं.

मिळालंच होतं. निदान या वर्षी तरी.

मी दवाखान्यात एक्स-रे काढते. आमचा दवाखाना जुना, मोठा आणि कायम गळका. आत शिरलं की समोर केसपेपरची खिडकी, आणि तिच्यावर बरोबर मध्यभागी डॉक्टरीणबाईंचं तैलचित्र. बाईंनी दवाखाना काढला, वाढवला, लग्न न करता आयुष्य त्यात घातलं. सगळं खरं. पण बाईंना फोटोचा भयंकर तिटकारा. हयातीत त्यांचा एकच फोटो निघाला, तोही सगळ्या स्टाफबरोबर, आणि त्यात त्या नेमक्या कोणावर तरी डाफरायला मान वळवून उभ्या. त्या गेल्यावर चित्र काढायचं ठरलं, तेव्हा चित्रकाराच्या हातात त्यांचा एक कान आणि अंबाडा एवढाच ऐवज होता. मग बाईंच्या अंगकाठीची कोणीतरी बाई खुर्चीवर बसवली, आणि बाईंना ओळखणाऱ्यांनी चित्रकाराच्या पाठीमागे उभं राहून सूचना दिल्या. नाक जरा आखूड करा. हनुवटी रुंद करा. बाई एवढ्या गरीब नव्हत्या हो दिसायला, जरा कडक करा. असं करत करत चित्र पुरं झालं, सगळ्यांनी हुबेहूब बाई म्हणून मान डोलावली, आणि खुर्चीवर बसलेली ती कोण, हे लिहून ठेवायचं कोणालाही सुचलं नाही.

माझ्या सासऱ्यांचं म्हणणं असं, की ती त्यांची आई.

हे ते घरात पूर्वीपासून म्हणायचे, पण अधूनमधून. बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, पावलं जन्मतःच आत वळलेली होती. अशा पोरांच्या पायांना प्लास्टर घालून घालून पावलं सरळ करतात. त्यांची आई त्यांना कडेवर घेऊन दर आठवड्याला याच दवाखान्यात प्लास्टर बदलायला आणायची. पाय पुष्कळसे सुधारले. आजही चालताना बोटं किंचित आत येतात आणि पोटऱ्या काडीसारख्या आहेत, म्हणून भर उन्हाळ्यातही ते मोजे काढत नाहीत. आई मात्र ते चार वर्षांचे असताना गेली. तिचा फोटो नाही. एकही नाही. वडील बोलायला कंजूष, पण एकदा कशाला तरी दोघं दवाखान्यात गेले असताना या चित्राखाली थांबून ते म्हणाले, "तुझी आई बसली होती याला." पुन्हा कधी विषय काढला नाही. बाबांचा सगळा पुरावा तो एवढाच.

हे सगळं कोणालाही त्रास न होता असंच चालू राहिलं असतं. पण दवाखान्याचा दर्शनी भाग दुरुस्त करायला काढला आणि चित्र साफ करायला एक मुलगी आली. आम्ही सगळे तिला चित्रवाली म्हणायचो. कापसाचे बोळे फिरवून काळवंडलेलं चित्र उजळवण्यात तिचा हात धरणारं कोणी नसेल, पण तोंड आवरेल तर शपथ. ती मोठ्या डॉक्टरांना म्हणाली, "नवी पाटी लावणारच आहात, तर खाली छोट्या अक्षरांत एक ओळ घाला ना. चित्रासाठी कोण बसलं होतं त्याची. लोकांना आवडतं असलं." मोठे डॉक्टर म्हणाले, कल्पना छान आहे, कोणाला माहिती असेल त्यांनी सांगावी. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी माझे सासरे केसपेपरच्या खिडकीसमोर हजर.

आणि त्यांच्या शेजारी मेट्रनबाई.

मेट्रनबाई म्हणजे आमच्या दवाखान्याच्या निवृत्त मेट्रन. निवृत्त हे कागदावर. त्यांना बघून अजूनही वॉर्डबॉय हातातली विडी गिळतात. त्यांचं म्हणणं, चित्रातली बाई म्हणजे त्यांची मावशी. मावशी इथेच नर्स होती, तिनेच यांना लहानाचं मोठं केलं, डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली उभा जन्म काढला आणि तिचं नाव साध्या बाकावरसुद्धा नाही. शिवाय मेट्रनबाईंकडे एक हुकमी एक्का होता. डावा हात.

तो हात आमच्या दवाखान्याचं जुनं कोडं आहे. चित्रात उजवा हात खुर्चीवर व्यवस्थित टेकलेला. डावा मात्र कोपरात वाकवून पोटासमोर अधांतरी धरलाय, पंजा किंचित वर. त्या हातात काही नाही. नुसता गडद शालीचा अंधार. नवीन लागलेला प्रत्येक डॉक्टर आठवडाभरात त्यावर आपलं निदान देतो. ट्रस्टचे अध्यक्ष दर वर्षीच्या भाषणात सांगतात, की ही रुग्णाला कवेत घेण्याची मुद्रा आहे. मेट्रनबाई म्हणायच्या, "कसली मुद्रा न् कसलं काय! माझ्या मावशीचा हात लहानपणी मोडला होता, तो असाच वाकडा सांधला. सरळ व्हायचाच नाही. बसल्या बसल्या असाच राहायचा."

"अवघडला असेल," बाबा म्हणायचे. एवढंच. हाताबद्दल त्यांच्यापाशी दुसरं उत्तर नव्हतं, आणि नाही म्हणूनच ते जास्त मोठ्या आवाजात बोलायचे.

त्या दिवसापासून माझा जो काही छळ सुरू झाला तो विचारू नका. दुकान बंद करून बाबा दुपारी दवाखान्यात यायचे ते चित्रासमोर ठाण मांडून बसायचे. केसपेपर काढायला आलेल्या माणसाला गाठून विचारायचे, "माझ्याकडे बघा. आता वर बघा. काय वाटतं?" समोरचा बिचारा तापाने फणफणलेला. तो म्हणायचा, "काका, घशात दुखतंय हो." "घशाचं जाऊ द्या, नाक बघा!" तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून मेट्रनबाईंचा आवाज, "पेशंटला त्रास देऊ नका!" आणि मग दोघांची जुंपली की खिडकीतली क्लार्क माझ्या खोलीत फोन करायची. "ताई, तुमचे सासरे." बस, एवढंच म्हणायची. मी एखाद्याचं मोडलेलं मनगट टेबलावर ठेवून, त्याला "हलू नका, आलेच" सांगून बाहेर धावायची. दोघांच्या मध्ये पडून माझ्या नाकी नऊ आले.

नवऱ्याला सांगितलं, तुमच्या वडिलांना आवरा. तो म्हणाला, "वयच आहे त्यांचं, दुर्लक्ष कर." वय मेट्रनबाईंचंही होतं, पण त्यांचं माहेर-सासर कोणी माझ्या गळ्यात बांधलं नव्हतं.

नंतर बाबांनी जे केलं, ते फक्त चष्मेवालाच करू शकतो. एका दुपारी ते दुकानातली मोजपट्टी घेऊन आले. दोन बुबुळांमधलं अंतर मोजायची ती पट्टी. काच बसवताना तीच लागते. रंगाऱ्याचं स्टूल ओढलं, माझ्या जिवाला घोर लावत वर चढले आणि डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांना पट्टी लावली. चित्रवाली किंचाळली, "हात नका लावू!" बाबा वरूनच म्हणाले, "मला शिकवू नकोस, आजवर एकाच्याही डोळ्यात बोट गेलेलं नाही." मग खाली उतरले आणि विजयी चेहऱ्याने सगळ्यांना सांगितलं, की चित्रातल्या बाईच्या डोळ्यांतलं अंतर आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतलं अंतर एक. अगदी एक. केसाचाही फरक नाही. "हे आईकडूनच येतं," ते म्हणाले. खरंच येतं का ते मला ठाऊक नाही.

क्लार्कने तर टाळीसाठी हात उचलले होते. मग मेट्रनबाई बाकावरून उठल्या, चित्राखाली उभ्या राहिल्या आणि आपला पंजा उचलून त्यांनी चित्रातल्या पंजाशेजारी धरला. चित्रातला पंजा त्यांच्या दीडपट.

"अहो चष्मेवाले," त्या म्हणाल्या, "चित्र माणसापेक्षा मोठं काढलंय. डोकं बघा केवढं आहे, घमेल्याएवढं! एवढ्या मोठ्या डोक्यात तुमच्याएवढं अंतर, म्हणजे खऱ्या बाईचे डोळे एकमेकांना चिकटलेलेच असणार. अशी होती का तुमची आई?"

अख्खा हॉल हसला. घसा दुखणारासुद्धा हसला. आणि मी काय सांगू, मलाही हसू फुटलं, ते मी खोकल्यात लपवलं. आयुष्यभर दिसेल त्या चेहऱ्याला पट्टी लावायची सवय. समोरचा चेहरा हाडामांसाचा की कापडावरचा, एवढं बघायचं तेवढं राहून गेलं. बाबांनी पट्टी खिशात घातली, ती दोनदा बाहेरच पडली, मग हातातच धरून ते निघून गेले. पावलं नेहमीपेक्षा जास्त आत पडत होती.

त्यानंतर ते दवाखान्यात आले नाहीत. सुटले, म्हटलं. दोन दिवस मी सुखाने एक्स-रे काढले. तिसऱ्या दिवशी मलाच चैन पडेना. घरी येताना दुकानात डोकावले. बाबा गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसून हातातल्या आरशात बघत होते. समोर भिंतीवर नंबर तपासायचा तो दिव्याचा डबा, वर मोठं अक्षर, खाली लहान लहान होत जाणारी, विनाकारण चालू.

"बाबा, घरी चला."

"बस जरा." आरसा खाली न ठेवता ते म्हणाले, "माझे कान वडिलांचे. हे सगळे सांगतात. नाकही त्यांचंच, टोकाशी बसलेलं. कपाळ आत्याचं, म्हणजे परत वडिलांकडचंच. मग उरलं काय? डोळे आणि ही हनुवटी. हे तिचं असणार. दुसऱ्या कोणाचं असेल?"

मी शेजारच्या स्टुलावर बसले.

"हजारो लोकांच्या हातात मी आरसा दिला असेल," ते म्हणाले. "बघा, कसे दिसता. लोक बघतात आणि हसतात. मी आरशात बघतो ना, तेव्हा वजाबाकी करत बसतो. वडील वजा केले की जे उरतं, त्यावर आईचा चेहरा बसवून बघायचा. पण नुसत्या डोळ्यांनी आणि हनुवटीने चेहरा होत नाही गं. आवाज आठवतो थोडा. हाताचा वास आठवतो. चेहराच नाही. चार वर्षांच्या पोराला एवढंसुद्धा ठेवता येऊ नये? मूर्ख कार्टं."

एवढं ऐकल्यावरही मला त्यांचा रागच आला. गेली कित्येक वर्षं एकाच ताटलीतलं खाल्ल्यासारखे आम्ही राहतो, आणि हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मोठा आवाज करून भांडता येतं, साधं बोलता येत नाही. मी दिव्याचा डबा बंद केला आणि म्हटलं, "उद्या या दवाखान्यात. मेट्रनबाई काही खाणार नाहीत तुम्हाला."

पुढचं चित्रवालीने केलं. ती म्हणाली, मांडीवरच्या शालीचा भाग बोटाला खडबडीत लागतोय, खाली दुसरा रंग आहे. चेहऱ्यावर तर थरांवर थर आहेत. जुना पांढरा रंग शिशाचा असायचा, तो एक्स-रेत स्पष्ट दिसतो. "यंत्र तुमच्याच घरात आहे," ती मोठ्या डॉक्टरांना म्हणाली. "चेहऱ्याखालचा पहिला चेहरा कदाचित दिसेलही." मोठे डॉक्टर या भांडणाला इतके विटले होते, की त्यांनी सुटीच्या दिवशी दुपारची वेळ देऊन टाकली.

वॉर्डबॉयांनी डॉक्टरीणबाईंना स्ट्रेचरवरून आणलं. मी शिशाचा एप्रन चढवला, चित्र टेबलावर ठेवलं, बाकीच्यांना बाहेर काढलं, काचेमागे गेले आणि सवयीने माइकवर म्हणाले, "श्वास रोखा." बाहेर चित्रवाली खो खो हसली. मग मी "सोडा" पण म्हणाले. अर्धवट कशाला ठेवायचं?

बाहेरच्या बाकावर बाबा आणि मेट्रनबाई दोन टोकांना बसले होते, रिपोर्टची वाट बघणारे बसतात तसेच. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

आधी चेहऱ्याची प्लेट पडद्यावर आली. चेहरा नव्हताच. चेहऱ्याच्या जागी पांढरा गोळा. नाक आखूड करा, हनुवटी रुंद करा, कडक करा. एकेका सूचनेला चित्रकाराने पांढऱ्याचा एकेक थर चढवला होता, आणि सगळे थर मिळून एकच पांढरं भगभगीत काहीतरी झालं होतं. खालची बाई त्यात कायमची बुजली होती. मी चित्रवालीला विचारलं, काही करता येईल? ती पहिल्यांदाच काही बोलली नाही, फक्त नकारार्थी मान हलवली. दार उघडून त्या म्हाताऱ्याला हे सांगायचं कसं, याचा विचार करत मी नाइलाजाने मांडीची प्लेट काढली.

त्या प्लेटवर दोन बूट होते.

छोटे, जाड, पांढरेशुभ्र, गुडघ्यापर्यंत आलेले. मला कोणी सांगायची गरज नव्हती. प्लास्टर मी रोज बघते. बुटांच्या वर मळकट पांढऱ्या झबल्याचा आकार, त्याच्या वर गोल डोकं, डाव्या कोपराच्या खोबणीत टेकलेलं. आणि तो डावा पंजा, ज्याच्यावर आमच्या दवाखान्यात इतकी वर्षं निदानं चालली होती, तो बरोबर त्या पोराच्या मांडीखाली. हात अधांतरी नव्हताच कधी. तो भरलेला होता. चित्रकाराने बाई आणि पोर दोघांनाही रंगवलं होतं, आणि मग लग्न न केलेल्या डॉक्टरीणबाईंच्या मांडीवर पोर चालणार नाही म्हणून त्याच्यावर शाल ओढली होती. हात तेवढा बदलायला विसरला, किंवा कंटाळला.

मी दार उघडलं. "या आत. दोघंही."

बाबा पडद्यासमोर उभे राहिले. बराच वेळ त्यांना काय बघायचं तेच कळेना. मग कळलं. त्यांनी खाली वाकून स्वतःच्या बुटांकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं, आणि माझ्या खोलीत पेशंटच्या चपला काढायला जे छोटं स्टूल आहे त्यावर मटकन बसले.

मोठे डॉक्टर हळूच म्हणाले, "म्हणजे चष्मेवाल्यांच्या आईच." मला वाटलं, आता तरी संपलं. पण मेट्रनबाई कुठल्या गप्प बसणार!

"थांबा," त्या म्हणाल्या. "पोर यांचं असेल. म्हणजे, हे असतील. पण बाई कशावरून यांची आई? नर्स पोराला मांडीवर घेत नाही? प्लास्टर माझी मावशीच घालायची. सगळ्या पोरांचं तीच करायची."

मला त्या बाईचा गळा दाबावासा वाटला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा बसल्या जागेवरून म्हणाले, "बरोबर आहे. असू शकेल."

"अहो बाबा!"

"नाही, असू शकेल. त्या खोटं नाही बोलत. पट्टीचं माझंच चुकलं होतं, त्यांचं बरोबर होतं."

हे ऐकल्यावर मेट्रनबाई पुढे झाल्या. पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन प्लेट बघत राहिल्या. चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली आणला. मग बोटाने त्यांनी पोराचा एक हात दाखवला. तो बाईच्या कोपराबाहेर पडून सैल लोंबत होता, बोटं उघडी.

"हे झोपलंय," त्या म्हणाल्या.

"मग?" मोठे डॉक्टर म्हणाले.

"मग काय मग? मी चाळीस वर्षं या पोरांना प्लास्टर घातलंय, डॉक्टर. आधी मावशीच्या हाताखाली, नंतर एकटीने. आमचा पांढरा टोप लांबून दिसला की ही पोरं भोकाड पसरायची. मांडीवर घेतलं तर लाकडासारखी ताठ व्हायची. मावशी किती मायेची होती, ते मला विचारा. पण एक पोर तिच्या मांडीवर झोपलं असेल तर शपथ. आमच्या हातांना प्लास्टरचा वास यायचा ना. तो वास आला की त्यांना पुढचं सगळं ठाऊक असायचं." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला, जरुरीपेक्षा जास्त वेळ पुसला. "पाय जड झालेले असताना, दुखत असताना, पोर असं हात टाकून झोपतं ते एकाच माणसाच्या मांडीवर. ही माझी मावशी नाही."

मग बाबा उठले, त्यांनी मेट्रनबाईंच्या हातातला चष्मा घेतला, दांडी किंचित वाकवली आणि तो त्यांच्या नाकावर बसवून दिला. त्या चक्क बसवू देत उभ्या राहिल्या.

आता पाटीवर नाव लागलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं होतं. ट्रस्टची बैठक झाली. मी प्लेट घेऊन गेले, मेट्रनबाई सांगायला आल्या, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या दोघांचं एकमत झालं ना? उत्तम. म्हणजे आता वादच उरला नाही. वादच नाही तर नाव कशाला?" मला वाटलं गंमत करताहेत. गंमत नव्हती. मग म्हणाले, मुलाचा उल्लेख केला तर बाईंच्या चारित्र्याविषयी लोकांचा गैरसमज होईल. मी म्हटलं, "मुलाचा करू नका, आईचा करा." ते म्हणाले, "आई म्हटलं की मूल आलंच." मेट्रनबाई ताडकन उठल्या आणि त्यांनी अध्यक्षांना जे ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. उपयोग शून्य. पाटी लागली. ठळक अक्षरांत डॉक्टरीणबाईंचं नाव, आणि खाली बारीक अक्षरांत: 'चित्रासाठी बसलेली व्यक्ती अज्ञात. डावा हात रुग्णाला कवेत घेण्याच्या मुद्रेत.'

मुद्रेत! मी पाटी वाचली तेव्हा माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की दिवसभर पेशंटना "श्वास रोखा" म्हणून पुढचं "सोडा" म्हणायला मी विसरत होते. संध्याकाळी तणतणतच दुकानात गेले. म्हटलं, बाबांना सांगावं, आपण वर तक्रार करू, पेपरात देऊ, काहीतरी करू.

दुकानात उजेड कमी होता. नंबर तपासायचा दिव्याचा डबा चालू होता, पण त्यावर अक्षरं नव्हती. मी मोठ्या फिल्मवर काढून दिलेल्या दोन प्लेट बाबांनी एकाखाली एक लावल्या होत्या. वर पांढरा गोळा, खाली दोन बूट. बाबा पायातले मोजे काढून, अनवाणी, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले होते. मी त्यांची पावलं इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघत होते.

"पाटी वाचलीत?" मी विचारलं.

"वाचली. असू दे."

"असू दे काय, बाबा! एवढं सगळं करून, एवढी भांडणं करून... तुम्हाला जे हवं होतं ते मिळालंच नाही. नाव नाही लागलं. आणि चेहरा..." माझा आवाज फुटला, तेव्हा कळलं की मी पाटीवर चिडलेली नव्हते. "चेहरा तर नाहीच मिळाला. सगळा पांढरा आहे. तुम्हाला आठवत नाही तो नाहीच, आणि आता कधी दिसणारही नाही."

बाबांनी डब्याकडे बघितलं. गिऱ्हाइकाला वाचायला लावतात तसं वरून खाली, सावकाश. खालच्या प्लेटपाशी थांबले, त्या लोंबणाऱ्या हातापाशी.

"अगं, चेहरा आठवणार कसा?" ते म्हणाले. "मी झोपलोय ना."